बर्फाच्या समुद्रातले शुद्धिपत्रक

आपल्या गोव्यात बर्फ म्हणजे मासळीबाजारात इसवणाखाली पसरलेला चुरा, नाहीतर लग्नघरी सरबताच्या पिंपात सोडलेली लादी. थंडी म्हणजे जत्रांच्या दिवसांत रात्री स्वेटर घालून मिरवायचे निमित्त. मी स्वतः पडणारे बर्फ आजवर पाहिलेले नाही. एलटीसी घेऊन मनालीला जायचे दोनदा ठरले आणि दोन्ही वेळा राहून गेले. असे असूनही, किंवा कदाचित म्हणूनच, बर्फातल्या साहसकथा आणि युद्धकथा हे माझे कॉलेजपासूनचे वेड आहे. बाहेर आषाढाचा पाऊस कौलांवर कोसळतो आहे, दमटपणाने पुस्तकाची पाने मऊ पडली आहेत, आणि आपण मात्र नॉर्वेच्याही वर कुठेतरी, डेकवरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडणाऱ्या माणसांत जाऊन बसलो आहोत, यात एक वेगळीच मजा असते.

या वेडाची सुरुवात अ‍ॅलिस्टर मॅक्लीनपासून झाली. मडगावला जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘एच.एम.एस. युलिसिस’ सापडले. मुखपृष्ठ नव्हते, पहिली चार पानेही नव्हती. मॅक्लीन म्हटला की लोकांना ‘व्हेअर ईगल्स डेअर’ आणि ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ आठवतात, अर्थात चित्रपटांमुळे. मला मात्र त्याची ही १९५५ सालची पहिलीच कादंबरी सगळ्यांत सरस वाटते. नंतरच्या पुस्तकांत बर्फ पुष्कळ आहे, पण तो बहुतेक वेळा गुप्तहेरांच्या पळापळीसाठी घातलेला पडदा आहे. ‘युलिसिस’मधला बर्फ त्याने स्वतः सोसलेला होता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या ‘रॉयलिस्ट’ या क्रूझरवर होता, त्या समुद्रावर जाऊन आलेला होता. युद्ध संपल्यावर ग्लासगोजवळ शाळामास्तर झाला, एका वर्तमानपत्राच्या कथास्पर्धेत बक्षीस मिळाले आणि त्यातून ही कादंबरी आली.

कादंबरीत ‘युलिसिस’ ही क्रूझर रशियाला निघालेल्या व्यापारी जहाजांच्या ताफ्याचे रक्षण करीत असते. खलाशी थकव्याने मोडून गेलेले, कप्तान क्षयाने मरणाच्या दारात. एकेक जहाज बुडत जाते, पण रक्षण करणारे हटत नाहीत. शेवटी तर तोफा निकामी झालेली ‘युलिसिस’ शत्रूच्या जहाजावर चालून जाते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी ते शेवटचे प्रकरण वाचून अस्वस्थ होऊन अंगणात येरझाऱ्या घातल्या होत्या.

पुढे कुतूहल वाढले म्हणून त्या समुद्राचा खरा इतिहास मिळेल तेवढा वाचू लागलो. आणि तिथे एक प्रकरण असे भेटले की कादंबरी एकदम उलटी झाल्यासारखी वाटली. कादंबरीत रक्षक शेवटपर्यंत थांबतात. १९४२ च्या जुलैत, ‘पी.क्यू. १७’ नावाच्या ताफ्याच्या बाबतीत, ते निघून गेले. तेही भिऊन नव्हे, हुकुमावरून. आणि तो हुकूम ज्या रीतीने निघाला ती रीत माझ्यासारख्या कारकुनाला फार ओळखीची आहे. आज लिहायचे आहे ते त्याविषयी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली. रशियाला रणगाडे, विमाने, दारूगोळा, धान्य पुरवायचे तर वाटा तीन. पॅसिफिकमधून व्लादिव्होस्तोक, इराणमधून जमिनीवरून, आणि आइसलंडहून नॉर्वेच्या डोक्यावरून मुर्मान्स्क किंवा आर्खांगेल्स्क. तिसरी वाट सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत जीवघेणी. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. किनाऱ्यावर त्यांचे विमानतळ, खाड्यांत पाणबुड्या आणि मोठ्या युद्धनौका. दुसऱ्या अंगाला ध्रुवाकडचा बर्फ. हिवाळ्यात हा बर्फ दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे जहाजांना किनाऱ्याजवळून जावे लागते, पण निदान चोवीस तास अंधाराचा आडोसा असतो. उन्हाळ्यात बर्फ मागे हटतो, वाट रुंद होते, पण मग रात्रच होत नाही. मध्यरात्री बाराला सूर्य डोक्याशी. लपायचे कुठे?

थंडीचे वर्णन करायला आपली भाषा अपुरी पडते, कारण आपल्याला कधी गरजच पडली नाही. लाटेचा तुषार डेकवर पडेपर्यंत गोठतो. कठड्यावर, दोरखंडांवर, तोफांवर थर चढत जातात आणि बघता बघता जहाजाच्या माथ्यावर कित्येक टन बर्फ साठतो. तो फोडून समुद्रात टाकला नाही तर जहाज वरून जड होऊन कलंडते. म्हणून पाळी लावून माणसे कुऱ्हाडी, हातोडे, वाफेचे नळ घेऊन अहोरात्र बर्फ फोडत. उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी तिथेच राही. पाण्यात पडलेल्या माणसाच्या हाती मिनिटे उरत. बुडणे हा शब्दही तिथे बरोबर नाही, कारण पुष्कळदा माणूस तरंगत असतानाच संपलेला असे.

तर अशा वाटेवर ऑगस्ट १९४१ पासून मे १९४५ पर्यंत ७८ ताफे गेले-आले. सुमारे १४०० व्यापारी जहाजे. त्यांतली ८५ बुडाली आणि ब्रिटिश नौदलाची १६ जहाजे गेली. रशियाला जाणाऱ्या ताफ्यांना ‘पी.क्यू.’ आणि परतणाऱ्यांना ‘क्यू.पी.’ असे नाव होते. नौदल खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणून पी.क्यू.! फायलींना नावे कशी पडतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

‘पी.क्यू. १७’ हा ताफा २७ जून १९४२ रोजी आइसलंडच्या ह्वालफ्योर्डमधून निघाला. ३५ व्यापारी जहाजे, निम्म्याहून अधिक अमेरिकी, बाकी ब्रिटिश, रशियन, पनामाची, डच. दोन सुरुवातीलाच परत फिरली, एक खडकावर चढले म्हणून आणि दुसऱ्याला बर्फाने इजा केली म्हणून. ताफ्याच्या भोवती कमांडर जॅक ब्रूम यांच्या सहा विनाशिका आणि इतर लहान नौका. त्यांच्या जोडीला अ‍ॅडमिरल हॅमिल्टन यांच्या चार क्रूझर. आणि फार मागे, शेकडो मैलांवर, अ‍ॅडमिरल टोव्ही यांचे मोठे आरमार. रक्षण असे तीन पदरी होते. आणि सगळ्यांच्या मनात एकच नाव होते, ‘टिर्पिट्झ’. बिस्मार्कची ही जुळी बहीण नॉर्वेच्या खाडीत बसून होती. तिच्या पंधरा इंची तोफांपुढे हॅमिल्टनच्या आठ इंची तोफा म्हणजे वाघापुढे मांजर.

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या सकाळी अमेरिकी जहाजांनी वाऱ्यापावसाने विटलेले झेंडे उतरवले आणि नवे कोरे, मोठे झेंडे चढवले. तोवर पहाटेच्या धुक्यात एक जहाज विमानाच्या टॉर्पेडोने गेले होते. संध्याकाळी विमानांची मोठी टोळी आली. आणखी दोन गेली. ‘अझरबैजान’ या रशियन तेलवाहू जहाजाला टॉर्पेडो लागला आणि सगळ्यांना वाटले संपले, पण तिच्या खलाश्यांनी, ज्यांत बायकाही होत्या, आग विझवली आणि जहाज पुन्हा रांगेत आणले. म्हणजे काय, तर ताफा एकत्र होता, रांगा शाबूत होत्या, आणि तीस जहाजे पुढे चालली होती. ब्रूम यांचा अंदाज असा की दारूगोळा पुरेल तोवर आपण हा ताफा कुठेही नेऊ शकू.

आता लंडनकडे वळू. तिथे अ‍ॅडमिरल्टीत नौदलप्रमुख सर डडली पाउंड यांच्यापुढे प्रश्न होता की टिर्पिट्झ निघाली आहे का? ती खाडीतून हलून उत्तरेच्या अल्टनफ्योर्डला आल्याचे समजले होते. तिथून ती ताफ्यावर निघाली की अजून नांगर टाकून आहे? जर्मनांच्या फोडलेल्या सांकेतिक संदेशांचा अर्थ लावणारा विभाग नॉर्मन डेनिंग नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. त्याचे मत स्वच्छ होते, निघालेली नाही. त्याच्याजवळचा पुरावा मात्र न घडलेल्या गोष्टींचा होता. आपली मोठी जहाजे समुद्रात असली की जर्मन आपल्या पाणबुड्यांना सावध करीत. तसा संदेश गेलेला नव्हता. सरकारी भाषेत सांगायचे तर त्याचा अहवाल ‘निरंक’ होता. पाउंड यांनी विचारले, ती निघालेली नाही हे तू खात्रीने सांगू शकतोस का? डेनिंग खात्रीने सांगू शकत नव्हता. कोण सांगेल?

आता यात पाउंड यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. टिर्पिट्झसारखी नौका आली आणि ताफा एका जागी सापडला तर ती एकेक जहाज नेम धरून फोडत जाणार. अशा वेळी चहूकडे पांगणे हेच शहाणपण. पण शत्रू पाणबुड्या आणि विमाने असतील तर नेमके उलटे, एकत्र राहण्यातच जीव. म्हणजे शत्रू कोण आहे यावर सगळे अवलंबून. टोव्ही यांनी आधीच फोनवर बजावले होते की ताफा पांगवला तर ती निव्वळ कत्तल ठरेल. पाउंड यांनी निर्णय घेतला आणि एकामागून एक तीन संदेश गेले.

रात्री ९ वाजून ११ मिनिटांनी पहिला संदेश गेला. अग्रक्रम ‘मोस्ट इमिजिएट’. क्रूझरांनी भरवेगाने पश्चिमेला मागे फिरावे. ९ वाजून २३ मिनिटांनी दुसरा, अग्रक्रम नुसता ‘इमिजिएट’. शत्रूच्या नौकांचा धोका असल्यामुळे ताफ्याने ‘डिस्पर्स’ होऊन रशियन बंदरांकडे जावे. आणि ९ वाजून ३६ मिनिटांनी तिसरा, पुन्हा ‘मोस्ट इमिजिएट’. माझ्या ९.२३ च्या संदेशास अनुसरून, ताफ्याने ‘स्कॅटर’ व्हावे.

हे तीन संदेश मी पहिल्यांदा ओळीने वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवले. कारण तिसरा संदेश काय आहे हे मला लगेच कळले. ते शुद्धिपत्रक आहे! आमच्या बोलीत कॉरिजेंडम. ‘डिस्पर्स’ आणि ‘स्कॅटर’ हे दोन्ही नौदलाच्या नियमपुस्तकातले ठरलेले शब्द. ‘डिस्पर्स’ म्हणजे रांगा मोडा आणि प्रत्येकाने आपापल्या वेगाने मुक्कामाकडे चला. अशी जहाजे बराच वेळ एकमेकांच्या आसपासच राहतात. ‘स्कॅटर’ म्हणजे पंख्याच्या काड्यांसारखे, प्रत्येकाने ठरवून दिलेल्या वेगळ्या दिशेने दूर व्हा. दुसरा संदेश गेल्यावर उपप्रमुख मूर यांच्या लक्षात आले की आपल्याला म्हणायचे होते ‘स्कॅटर’. म्हणून घाईने दुरुस्ती गेली, आणि दुरुस्ती वेळेत पोचावी म्हणून तिच्यावर वरचा अग्रक्रम पडला. पहिल्या संदेशातल्या ‘भरवेगाने’ या शब्दालाही असेच साधे कारण होते. क्रूझरांच्या परतीच्या वाटेवर पाणबुड्या होत्या, तिथे रेंगाळू नये एवढेच.

लंडनमध्ये प्रत्येक शब्दाला कारण होते. पण समुद्रावर काय पोचले? क्रूझर, भरवेगाने. ताफा, वेगळा व्हा. आणि मग तेरा मिनिटांत, सर्वांत तातडीच्या शिक्क्यासह, पांगा! ब्रूम आणि हॅमिल्टन दोघांनीही याचा एकच अर्थ लावला, आणि त्यांच्या जागी कुणीही तोच लावला असता. टिर्पिट्झ क्षितिजापलीकडे आहे, कोणत्याही क्षणी तिच्या डोलकाठ्या दिसतील. संदेशांत ‘आम्हाला खात्री नाही’ असे कुठेही नव्हते. हा केवळ अंदाज आहे, हेही नव्हते. ब्रूम यांनी आपली विनाशिका ताफ्याच्या कमोडोरच्या जहाजाजवळ नेऊन कर्ण्यावरून हुकूम सांगितला, कारण झेंड्यांवरची खूण पाहून कमोडोर डाउडिंग यांना ती खरी वाटेना. मग ब्रूम आपल्या सहा विनाशिका घेऊन क्रूझरांमागे गेले. पळून नव्हे, टिर्पिट्झशी शेवटची लढाई द्यायला चाललो आहोत या समजुतीने. ताफ्याबरोबरच्या एका पाणबुडीच्या कप्तानाने कळवले होते की हल्ला झाला तर मी पाण्याच्या वरच राहणार. ब्रूम यांचे उत्तर होते की माझाही विचार तोच आहे. निरोपाच्या वेळी असली थट्टा करणारा माणूस भित्रा नसतो.

टिर्पिट्झ आली नाही. ती त्या वेळी खाडीतच होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ तारखेला दुपारी, ती निघाली आणि त्याच रात्री परत बोलावली गेली. तोपर्यंत तिची गरजच उरली नव्हती. पांगलेली जहाजे, रात्र नसलेला समुद्र, आणि वर विमाने, खाली पाणबुड्या. ५ जुलैला एका दिवसात बारा जहाजे गेली. सगळा हिशेब झाला तेव्हा ३५ पैकी २४ जहाजे समुद्राच्या तळाशी होती. त्यांच्याबरोबर ४३० रणगाडे, २१० विमाने, ३३५० मोटारगाड्या आणि जवळजवळ एक लाख टन माल. व्यापारी खलाशी मेले ते १५३.

इथे थोडे स्वतःविषयी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय पुढे लिहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासंबंधी एक परिपत्रक माझ्या टेबलावरून गेले. त्यात ‘स्वतः हजर राहून’ हे शब्द राहून गेले होते. साहेबांनी शुद्धिपत्रक काढायला सांगितले. मी मसुदा केला, दोन ओळींचा, बिनचूक. आणि लवकर जावे म्हणून वर लाल शाईत ‘मोस्ट अर्जंट’चा शिक्का मारला. मुदत पुढच्या महिन्याअखेरची होती, ती मूळ परिपत्रकात होती, म्हणून शुद्धिपत्रकात पुन्हा लिहिली नाही. तालुक्यांत ते पोचले तेव्हा लोकांनी शिक्का वाचला. कुठेतरी खोटे पेन्शनर सापडले असणार, उद्यापासून पैसे बंद होणार, अशी आवई उठली. भर पावसात म्हातारी माणसे रांगा लावून उभी राहिली. एक निवृत्त शिक्षिका पायऱ्यांवरून घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. मला कुणी जाब विचारला नाही. फायलीवर सगळे बरोबर होते. मी तो कागद पुन्हा पुन्हा काढून पाहत असे, त्यात चूक सापडत नसे.

असो. त्याची आणि दीडशे माणसांच्या मरणाची तुलना करायची नाही. पण पाउंड यांच्यावर लिहिणारे इतिहासकार जेव्हा फक्त त्यांच्या निर्णयाची चिकित्सा करतात तेव्हा मला वाटते की निर्णयापेक्षा त्या तीन कागदांकडे जास्त पाहायला हवे. निर्णय चुकीचा होताच. तरी नुसता ‘आम्हास खात्री नाही’ एवढा एक चौथा संदेश गेला असता तर ब्रूम विनाशिका घेऊन परत फिरले असते. पाउंड आजारी होते, पुढे मेंदूतल्या गाठीने ऑक्टोबर १९४३ मध्ये वारले. काहीजण त्या आजाराला दोष देतात. मला ते पटत नाही. एवढ्या मोठ्या कचेरीत जागी आणि निरोगी माणसे पुष्कळ होती.

आता या सगळ्या काळोखात, म्हणजे खरे तर लख्ख उजेडात, एक गोष्ट अशी घडली की ती मॅक्लीनने लिहिली असती तर आपण म्हटले असते, जरा जास्तच झाले.

‘एअरशायर’ नावाची एक मासेमारीची ट्रॉलर नौदलाने हत्यारे बसवून ताफ्याबरोबर दिली होती. तिचा कप्तान लिओ ग्रॅडवेल हा पेशाने बॅरिस्टर, युद्धापुरता नौदलात आलेला. पांगण्याचा हुकूम आल्यावर त्याने विचार केला की सगळे दक्षिण-पूर्वेला रशियाकडे पळणार आणि शत्रूही तिकडेच जाणार. आपण उत्तरेला जाऊ, बर्फात. वाटेत भेटलेली तीन व्यापारी जहाजे, ‘ट्रूबाडोर’, ‘आयर्नक्लॅड’ आणि ‘सिल्व्हर स्वोर्ड’, त्याने बरोबर घेतली. त्याच्याजवळ त्या भागाचा नौकानयनाचा नकाशा नव्हता. होता तो टाइम्सचा एक छोटा अ‍ॅटलास, शाळेतल्या पोरांजवळ असतो तसा!

ही चार जहाजे बर्फाच्या भेगांतून वीसेक मैल आत घुसली आणि थांबली. धूर दिसू नये म्हणून भट्ट्या मंद केल्या. ‘ट्रूबाडोर’च्या पोटात पांढऱ्या रंगाची पिंपे निघाली. मग काय, सगळ्यांनी मिळून जहाजे रंगवायला घेतली. जिथे रंग पुरला नाही तिथे बिछान्यांच्या चादरी आणि टेबलावरची कापडे अंथरली. डेकवर रशियासाठी नेत असलेले रणगाडे बांधलेले होते. त्यांची आवरणे काढून तोफांत गोळे भरले आणि नळ्या रोखून ठेवल्या. विमाने दूरवरून गेली, पण बर्फात मिसळून गेलेली ही चार पांढरी जहाजे कुणाला दिसली नाहीत. ज्या बर्फाची सगळ्यांना धास्ती, त्याच बर्फाने यांना पोटात घेतले. पुढे वारा फिरला, बर्फ सैल झाला, तसे ते नोवाया झेमल्या बेटाकडे निघाले आणि २५ जुलैला तीनही जहाजे मालासकट आर्खांगेल्स्कला पोचली.

ग्रॅडवेलने हुकूम मोडला का? हा मला आवडणारा प्रश्न आहे. त्याला सांगितले होते की स्वतंत्रपणे आर्खांगेल्स्कला जा. तो गेलाच, फक्त बर्फातून आणि तीन जहाजे पाठीशी घेऊन. बॅरिस्टर होता, हुकुमात काय लिहिले आहे इतकेच काय लिहिलेले नाही हेही त्याला वाचता येत असणार. त्याला पदक मिळाले, युद्धानंतर तो लंडनमध्ये दंडाधिकारी झाला आणि १९६३ सालच्या प्रोफ्यूमो प्रकरणातल्या स्टीफन वॉर्डचा खटला पहिल्यांदा त्याच्यापुढेच आला. ‘लोटस’ (चक्क कमळ!) या छोट्या कॉर्व्हेटचीही आठवण ठेवली पाहिजे. ती आपणहून मागे फिरली आणि बुडालेल्या जहाजांवरची माणसे वेचून आणली. त्यांत तराफ्यावर तास न् तास काढलेले कमोडोर डाउडिंगही होते.

ब्रूम यांच्या वाट्याला मात्र ती चौथी तारीख जन्मभर आली. १९६८ साली डेव्हिड अर्व्हिंग यांनी या ताफ्यावर पुस्तक लिहिले आणि दोषाचा मोठा वाटा ब्रूम यांच्या माथी मारला. ब्रूम यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९७० मध्ये चाळीस हजार पौंडांची भरपाई मिळवली. १९७२ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने ती कायम केली. कायद्याचे विद्यार्थी ‘कॅसेल विरुद्ध ब्रूम’ हा खटला आजही वाचतात, आपल्याकडेही. तो निकाल शोधताना मला कळले की ब्रूम यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकाचे नावच मुळी तिसऱ्या संदेशातले शब्द आहेत.

या कथांत एक माणूस मात्र मला नेहमी कमी भेटतो, तो म्हणजे व्यापारी जहाजावरचा साधा खलाशी. युद्धकथा युद्धनौकेवरून सांगितल्या जातात, ‘युलिसिस’ही तशीच. आपणही वेगळे करीत नाही. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या हौशी घोडदळवाल्यांनी केलेला छापा आपल्याला ठाऊक असतो, त्यावरचा १९८० चा चित्रपट इथेच चित्रित झाला म्हणून आपण तो कौतुकाने सांगतो. पण त्याच युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांत जवळजवळ चौथा हिस्सा हिंदुस्थानी खलाश्यांचा होता, त्यांतले सहा हजारांहून अधिक मेले, आणि त्यांत स्वयंपाकी, स्ट्युअर्ड, पॅन्ट्रीवाले म्हणून गोव्याचे तारवटी होते, हे आपण कितीदा सांगतो?

आमच्या वाड्यावर असा एक म्हातारा तारवटी होता. युद्धात पोरसवदा वयात मुंबईच्या कुडीतून बोटीवर चढलेला. रशियाच्या वाटेवर तो गेला नव्हता, उत्तर अटलांटिकवर मात्र ऐन हिवाळ्यात दोन फेऱ्या झालेल्या. मी ‘युलिसिस’ वाचून त्याच्याकडे धावलो आणि विचारले, रक्षण करणाऱ्या बोटी मध्येच सोडून गेल्या असे कधी झाले का? तो म्हणाला, झाले एकदा. सकाळी उठून पाहतो तर बाजूची राखाडी बोट नाही. का गेली, कुठे गेली? “आमकां कोण सांगता, पुता?” तो हसला. मग म्हणाला की तो वर ऑफिसरांना चहा नेत असे. साहेब लोकांनी चहा तसाच ठेवला की समजायचे काहीतरी झाले आहे, आणि खाली येऊन बाकीच्यांना सांगायचे की आज कप भरलेले परत आले. त्यांना पोचणारा संदेश एवढाच.

तो गेल्यावर त्याच्या मुलीने मला त्याची ‘नळी’ दाखवली. नळी म्हणजे खलाशाचे नोंदीचे पुस्तक, पूर्वी पत्र्याच्या नळीत घालून नेत म्हणून तारवट्यांत ते नाव पडले. पाने पिवळी, पण शिक्के स्वच्छ. बोटीचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, वागणूक ‘व्हेरी गुड’, काम ‘व्हेरी गुड’. प्रवासाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द होता, ‘फॉरिन’. त्या दोन हिवाळी फेऱ्या यांतल्या कोणत्या, हे मी तारखांवरून शोधायचा प्रयत्न केला. एक डिसेंबरात सुरू होऊन मार्चमध्ये संपलेली होती, ती बहुधा एक असावी. दुसरी सापडली नाही.